वालपराई: आधी झाड, मग माकड

तामिळनाडूतल्या अण्णामलाईच्या डोंगरांत, वालपराईच्या पठारावर सिंहपुच्छी माकडं बघायला जायचं तर महिना झाडांवरून ठरवावा. जून ते सप्टेंबर कुलेनिया या वर्षावनातल्या उंच झाडाच्या बिया तयार होतात, फणसही असतात. पण तेव्हाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोसळत असतो, दुर्बिणीच्या काचांवर बाष्प धरतं आणि जळवांमुळे एका जागी उभं राहवत नाही. मार्चमध्ये रान कोरडं असतं, मांसल फळं मोजकीच असतात आणि नेमका त्याच टंचाईत कुलेनिया फुलतो. अन्नामागे माकडं कशी फिरतात हे बघायला हा महिना उत्तम. सुबत्तेत टोळी कुठेही दिसते आणि काहीही खाते. टंचाईत ती अमुक एका झाडावर का आली, याचं उत्तर बहुतेक वेळा सापडतं.

हे माकड जगात फक्त पश्चिम घाटात आहे: दक्षिणेला तामिळनाडूतल्या कलक्कडपासून उत्तरेला कर्नाटकातल्या शिरसी-होन्नावरपर्यंत. महाराष्ट्रात आणि गोव्यात ते नाही. जंगलातली एकूण संख्या ४,००० च्या आत धरली जाते. काळंभोर अंग, चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ, शेपटीच्या टोकाला झुपका. मादी साधारण सहा-सात वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते आणि पुढच्या पिलापर्यंत अडीच-तीन वर्षं जातात. इतक्या संथपणे वाढणाऱ्या प्राण्याला दोन वाईट हंगामही महागात पडतात.

दिवस पहिला: पोल्लाची ते वालपराई

मुंबई-पुण्याहून कोइंबतूरला थेट रेल्वे आहे. तिथून पोल्लाची ४० किमी आणि पुढे वालपराई साधारण ६५ किमी. आलियार धरणापाशी घाट सुरू होतो. एकूण ४० हेअरपिन वळणं आहेत आणि प्रत्येकावर क्रमांकाची पाटी आहे. घाट दिवसाउजेडीच चढावा, कारण वर पोचेपर्यंत रान तीनदा बदलतं आणि तो बदल डोळ्यांनी बघण्यासारखा आहे.

पायथ्याला कोरडं पानझडी रान. इथल्या मंकी फॉल्सजवळच्या कठड्यांवर लाल तोंडाची माकडं बसलेली असतात. आपल्या माथेरान-महाबळेश्वरची तीच जात, डोक्यावरच्या केसांचा मधोमध भांग पडलेली. कोकणात तिला केलडं म्हणतात. गाडी थांबली की काय होतं ते पाच मिनिटं शांतपणे बघण्यासारखं आहे. एक मोठा नर पुढे येतो, पाकीट हिसकावतो, बाकीची मागे सरकतात, दोन पोरं ओरडा खातात. त्याच रस्त्यावरच्या चिंचेवर हीच टोळी चढली की भांडण जवळपास होत नाही. चिंचेवर वीस-पंचवीस तोंडं एकाच वेळी खाऊ शकतात, वेफरचं पाकीट मात्र एकाच हातात मावतं. अन्न किती आहे यापेक्षा ते अडवून धरता येतं का, यावर टोळीतली भांडणं ठरतात. हा मुद्दा पुढे सगळीकडे उपयोगी पडतो, म्हणून पहिल्याच दिवशी डोक्यात पक्का बसलेला बरा.

नवव्या वळणावर लोम्स व्ह्यू पॉइंट आहे. आसपासच्या कड्यांवर निलगिरी ताहर हे रानबकऱ्यासारखे प्राणी दिसतात. अट्टकट्टीच्या पुढे झाडं उंच आणि दाट होतात आणि मग एकदम चहा सुरू होतो. वालपराईचं पठार साधारण २२० चौरस किमीचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथलं वर्षावन तोडून चहा, कॉफी, वेलदोडा आणि निलगिरीच्या लागवडी झाल्या. मूळ रानाचे चाळीसेक तुकडे या लागवडींमध्ये विखरून शिल्लक राहिले. चारी बाजूंनी मोठं संरक्षित जंगल आहे: अण्णामलाई व्याघ्र प्रकल्प, पलीकडे केरळचं परंबिकुलम आणि वाळच्चाल. चहाचा मळा डोळ्यांना हिरवागार दिसतो, पण माकडाला त्यात खायला काहीही नाही. वरच्या सिल्व्हर ओकच्या रांगाही ऑस्ट्रेलियातून आलेल्या. त्यांच्यावर या माकडांना पोटभर मिळेल असं काही नाही आणि फांद्या एकमेकींना लागत नसल्यामुळे शेंड्यांवरून जाण्याची वाटही मिळत नाही.

मुक्कामी अंधारापूर्वी पोचावं. पठारावर हत्ती फिरतात आणि संध्याकाळी ते चहाच्या मळ्यांतून एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे जातात. हत्ती कुठे आहेत याचे एसएमएस स्थानिकांना २०११ पासून जातात, शिवाय ठिकठिकाणी मोबाइलवरून चालू करता येणारे लाल दिवे बसवलेले आहेत. लाल दिवा लुकलुकत असेल तर त्या बाजूला पायी जायचं नाही.

दिवस दुसरा: झाडं वाचणं

माकडांमागे धावण्याआधी एक अख्खा दिवस झाडांना द्यावा. बहुतेक हौशी मंडळी हा दिवस गाळतात आणि मग टोळी सापडली तरी तिची हालचाल त्यांना कोड्यासारखी वाटते.

जागा पुदुतोट्टम. वालपराई गावाला लागूनच असलेला, एक चौरस किमीपेक्षाही लहान तुकडा. खाजगी इस्टेटीची जमीन असल्यामुळे आत शिरायला इस्टेटीची परवानगी लागते. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत काही नोंदवायचं असेल तर वन खात्याची लेखी परवानगी आधीच काढावी लागते आणि तिला वेळ लागतो. परवानगी नसेल तर सार्वजनिक रस्त्यावरून बघावं. या तुकड्यात तेवढ्यातही पुष्कळ दिसतं.

कामाची पद्धत साधी आहे. ५० मीटर लांब आणि १० मीटर रुंद पट्टे आखायचे. पट्ट्यातल्या ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराच्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर टेपने मोजायचा. खोडाला तळाशी भिंतीसारखी पसरलेली आधारमुळं असतील तर त्यांच्या वर मोजायचा, नाहीतर झाड कागदावर दुप्पट जाड होतं. माकडांच्या खाण्यातल्या प्रत्येक जातीची किमान दहा झाडं क्रमांकाची पत्री पट्टी ठोकून ठरवून ठेवायची. दर महिन्याच्या त्याच आठवड्यात ८×४२ च्या दुर्बिणीतून शेंडा दोन बाजूंनी बघायचा आणि ० ते ४ गुण द्यायचे: काहीच नाही तर ०, पाव शेंड्यापर्यंत १, अर्ध्यापर्यंत २, पाऊणपर्यंत ३, त्यावर ४. कोवळी पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं यांचे गुण वेगवेगळे. जातीची दाटी, खोडाची जाडी आणि सरासरी गुण यांचा गुणाकार केला की त्या महिन्यात ते अन्न रानात अंदाजे किती आहे हे कळतं.

चुका कुठे होतात? पहिली, पायवाटेकडेची झाडं निवडण्यात. त्यांना ऊन जास्त मिळतं, ती जास्त फळतात आणि सगळं रानच संपन्न वाटायला लागतं. दुसरी, दर महिन्याला वेगळ्या माणसाने गुण देण्यात. एकाचे २ म्हणजे दुसऱ्याचे ३ असतात. तिसरी सगळ्यांत मोठी आहे. उंबर-वडाच्या कुळातली झाडं विरळ असतात, आखलेल्या पट्ट्यांत ती सापडतच नाहीत आणि हिशेबात त्यांची किंमत शून्य येते. माकडांच्या लेखी मात्र ती फार मोलाची. या झाडांची फुलं फळाच्या आतच असतात आणि परागीभवन करणारी इवलीशी माशी अल्पायुषी असते. ती टिकायची तर परिसरात कुठलं ना कुठलं झाड बाराही महिने तिला सामावून घेण्याच्या अवस्थेत असावं लागतं. म्हणून एका झाडाची फळं एकदम पिकतात, पण दोन झाडं क्वचितच एकत्र पिकतात. टंचाईच्या महिन्यात हे फार मोठं वरदान ठरतं. त्यामुळे ही झाडं पट्ट्यांच्या बाहेर स्वतंत्रपणे हिंडून शोधावीत आणि प्रत्येकाची नकाशावर नोंद करावी.

आता कुलेनिया. मल्याळममध्ये वेडिप्लाव, जुन्या बाँबॅक्स कुळातलं, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या नात्यातलं हे झाड. सरळ उंच खोड, पानाची खालची बाजू खवल्यांमुळे तांबूस-चंदेरी. वारा आला की शेंडा रंग बदलतो, त्यावरून ते लांबूनही ओळखता येतं. दक्षिण सह्याद्रीच्या मध्यम उंचीवरच्या वर्षावनात कुलेनिया, मेसुआ आणि पॅलाक्वियम ही तीन झाडं इतकी असतात की त्या रानाचा प्रकारच त्यांच्या नावाने ओळखला जातो.

फुलं पानांमध्ये नसतात, पानांमागच्या जाड फांद्यांवर असतात. फांदीवर गाठी असतात आणि प्रत्येक गाठीतून मळकट पिवळसर नळ्यांचा झुबका फुटतो. खाली पडलेलं एक फूल हातात घेतलं की कळतं: पाकळ्याच नाहीत. बाहेरचं नळीसारखं आवरण मांसल आहे, बोटाने दाबलं तर ओलसर, तळाशी चिकट मध. रात्री वटवाघळं येतात आणि परागीभवन करून जातात. दिवसा सिंहपुच्छी माकडं, निलगिरी वानरं आणि शेकरू तीच फुलं खातात. फळ काटेरी गोळ्यासारखं. ते तयार झालं की माकडं काटे चुकवत फोडून आतल्या तपकिरी बिया खातात. एकच झाड कोरड्या दिवसांत फुलं देतं आणि पावसाळ्यात बिया. पुदुतोट्टमसारख्या तुकड्यांत निवडक तोड झाली, खाली कॉफी लागली आणि कुलेनिया कमी झाला. त्याच्या जागी मेसोप्सिस हे आफ्रिकेतून आणलेलं झाड, कॉफी, घाणेरी आणि पेरू आले. माकडं हे सगळं खातात. पोट भरतं, पण वेळापत्रक बदलतं.

दिवस तिसरा: उजेडापासून अंधारापर्यंत टोळीमागे

टोळी सकाळी शोधायची नसते. आदल्या संध्याकाळी ती कुठल्या झाडावर झोपली हे बघून ठेवायचं आणि उजाडताना तिथे हजर व्हायचं. मार्चमध्ये सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. हत्तींमुळे अंधारात चालणं टाळावं, म्हणून झोपण्याचं झाड वाटेपासून लांब असेल तर सकाळचा पहिला अर्धा तास हुकतो. तो हुकू द्यावा.

नोंदी दर १५ मिनिटांनी घ्यायच्या. त्या क्षणी दिसणाऱ्या प्रत्येक माकडाचं वय-लिंग, जमिनीपासूनची उंची, झाडाची जात आणि पाच कामांपैकी कुठलं चालू आहे ते लिहायचं: चालणं, अन्न शोधणं, खाणं, आराम, एकमेकांशी व्यवहार. ‘शोधणं’ आणि ‘खाणं’ यांची गल्लत फार होते. हात साल उचकटतोय, पान उलटतोय तोवर शोधणं. वस्तू तोंडात गेली की खाणं. दुसरी गल्लत गालांतल्या पिशव्यांमुळे. माकडं फळझाडावर भराभर पिशव्या भरून घेतात आणि शंभर पावलांवरच्या भलत्याच झाडावर निवांत चघळतात. नोंद त्या दुसऱ्या झाडाच्या नावावर गेली तर अन्नाची यादी चुकते. जबडा हलतोय पण हात रिकामा आहे, अशी नोंद वेगळ्या खुणेने करावी.

सकाळची सुरुवात कुलेनियावर झाली. आठ-दहा माकडं एकाच शेंड्यात, एकमेकांपासून दोन-चार हातांवर. एक मादी जाड फांदीवर बसून गाठीवरचा झुबका ओढून घेत होती. नळीचा तळ आधी तोंडाला, मग मांसल आवरणाचा एक चावा, उरलेलं खाली. झाडाखाली अशा अर्धवट फुलांचा सडा पडतो. टोळी हरवली तर हा सडा बघावा. तुटलेल्या कडा ओल्या असतील तर माकडं नुकतीच गेली आहेत, तपकिरी झाल्या असतील तर कालचं आहे.

पुढे टोळी पसरली. पहिलं आणि शेवटचं माकड यांत सहज शंभर मीटरहून जास्त अंतर पडलं. आता काम कीटकांचं. वाळकी साल सोलणं, गुंडाळलेली पानं उलगडणं, शेवाळ उपसणं, कुजक्या फांदीचं टोक दाताने मोडणं. कीटक एकेकटे विखुरलेले असतात. दोन माकडं शेजारी शोधायला लागली तर दोघांनाही कमी मिळतं, म्हणून ती आपोआप लांब होतात. फुललेल्या झाडावर जवळजवळ आणि कीटकांसाठी लांबलांब हा फरक एकाच सकाळी एकाच टोळीत दिसतो. गोगलगाई, पाली, झाडबेडूक, पक्ष्यांची पिल्लंही त्यांच्या खाण्यात आहेत. केसाळ सुरवंट सापडला तर ती पान घेऊन त्यात तो घोळवतात, खाजरे केस निघेपर्यंत चोळतात आणि मग खातात. जंगली सिंहपुच्छी माकडांची ही सवय १९८८ साली शास्त्रीय नोंदीत आली. पाच-सहा मिनिटं एकाच माकडावर दुर्बीण स्थिर ठेवण्याची तयारी असेल तरच असलं काही दिसतं.

दुपारकडे चाल बदलली. शोधण्याची वळणावळणाची वाट संपली आणि टोळी एका दिशेने, न थांबता, भराभर निघाली. वाटेतल्या साली-पानांकडे कुणी बघेना. शेवटी होतं पिकलेलं उंबराच्या जातीचं झाड, निघालेल्या जागेवरून अजिबात न दिसणारं. अशा सरळ चाली नकाशावर उठून दिसतात: फळझाडाकडे जाताना वाट सरळ आणि वेग जास्त, कीटकांसाठी वाट वाकडी आणि वेग कमी. म्हणून दिवसभरात किती चालली एवढाच आकडा पुरत नाही, वाटेचा आकारही लागतो. दोन टोळ्या सारखंच अंतर चालतील, पण एक ठरलेल्या चार झाडांच्या फेऱ्या मारत असेल आणि दुसरी काही सापडतंय का म्हणून भटकत असेल.

अंतर मोजतानाही धोका आहे. दाट झाडोऱ्याखाली जीपीएस दहा-वीस मीटर इकडेतिकडे सरकतं. दर मिनिटाला बिंदू घेतले तर टोळी एकाच झाडावर झोपलेली असतानाही यंत्र तिला चालवत राहतं आणि बेरीज फुगते. तासाला एक बिंदू घेतला तर वळणं कापली जाऊन अंतर कमी भरतं. १५ मिनिटांचा बिंदू हा चालणारा मध्यममार्ग आहे. एका दिवसात साधारण एक ते दोन किमी वाटचाल होते. अखंड जंगलात टोळीचं वावरक्षेत्र पाच चौरस किमीपर्यंत गेल्याची १९७० च्या दशकातली नोंद आहे, आणि इथे तर अख्खा तुकडाच एका चौरस किमीच्या आत. शिवाय त्यात एकाहून अधिक टोळ्या राहतात आणि माकडांची संख्या शंभराच्या वर गेली आहे. मग त्यांची वावरक्षेत्रं एकमेकांवर चढणार, तीच झाडं पुन्हा पुन्हा पिंजली जाणार आणि कुणीतरी बाहेर पडणार.

टोळी डोळ्यांआड झाली तर मागे पळू नये. उभं राहून ऐकावं. फुलं-फळं पडल्याचा आवाज, धनेशाच्या पंखांचा घोष, मोठ्या नराची दूरवर जाणारी हाक, या तिन्हींपैकी एक दहा-पंधरा मिनिटांत बहुधा मिळतंच. तेही नाही मिळालं तर कालच्या नकाशावरच्या पुढच्या पिकलेल्या झाडाखाली जाऊन थांबावं. दुसऱ्या दिवसाचं काम इथे उपयोगी पडतं.

दिवस चौथा: निलगिरी वानरं

याच तुकड्यांत काळं, तपकिरी डोक्याचं निलगिरी वानर राहतं. त्याचा दिवस अगदी वेगळा. गालांत पिशव्या नाहीत. पोट मात्र अनेक कप्प्यांचं. त्यात जिवाणू पाला आंबवतात. हे काम वेळ खातं, म्हणून जेवण झालं की बराच वेळ नुसतं बसणं.

पाला सगळीकडेच आहे तर ही वानरं हलतात तरी कशाला, असं वाटतं. पण त्यांना चालणारा पाला सगळीकडे नसतो. जून पानात चोथा आणि टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त असतं, प्रथिनं कमी. दक्षिण टोकाच्या अगस्त्यमलाई भागात पानांची रासायनिक तपासणी झाली आहे. तिथे वानरं चोथा आणि टॅनिन कमी असलेली पानं निवडताना आढळली आणि रानात सगळ्यांत जास्त असलेल्या कुलेनियाची जून पानं त्यांनी बहुतेक टाळली. कोवळी पालवी काही दिवसच कोवळी राहते, मग वानरं पालवीच्या मागे जातात. त्यांच्या मागे राहणं सोपं आहे, पण नोंद घेताना ‘पान’ एवढंच लिहू नये. कोवळं, जून, देठ की पात्याचं टोक, हे लिहिलं तरच त्या नोंदीला किंमत आहे. पुष्कळदा ती फक्त देठ खातात आणि पातं टाकून देतात.

दिवस पाचवा: रस्ता, पूल, स्वयंपाकघरं

पुदुतोट्टमच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर सिंहपुच्छी माकडं जमिनीवर उतरलेली दिसतात. ज्यांनी ही जात फक्त पुस्तकात वाचली त्यांना हे बघून धक्का बसतो. जन्म शेंड्यांवर काढणारा प्राणी डांबरावर बसलेला असतो. कारणं दोन. शेंडे तुटले, त्यामुळे पलीकडे जायला उतरावंच लागतं. आणि उतरल्यावर खायला मिळतं: कचरापेटीतला भात, गाडीतून फेकलेली बिस्किटं, घरांच्या उघड्या खिडक्या. या अन्नात ताकद जास्त, शोधायला वेळ जवळपास लागत नाही आणि ते रोज त्याच जागी मिळतं. रानातल्या कुठल्याच झाडात हे तिन्ही गुण एकत्र नाहीत. म्हणूनच अशा अन्नाचा एक ढीग टोळीचा अख्खा नकाशा बदलून टाकतो. रस्ता वावरक्षेत्राच्या कडेला होता, तो मधोमध येतो. वाचलेला वेळ आरामात आणि भांडणांत जातो. गाड्यांखाली माकडं मरतात.

यावर इथे जे काम चालू आहे ते बारकाईने बघण्यासारखं आहे. वालपराईत संशोधन केंद्र असलेल्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनने आणि वन खात्याने रस्त्यावरून झाडाझाडांत पूल टांगले आहेत. अग्निशमनाच्या जाड कापडी पाइपांसारख्या टिकाऊ पट्ट्या यासाठी चांगल्या, कारण त्या पावसात कुजत नाहीत आणि बोटांना धरायला रुंद पडतात. पूल कुठे बांधायचा हे माकडांनी आधीच ठरवलेलं असतं: ती नेहमी जिथून ओलांडतात तिथेच. शंभर मीटर बाजूला, माणसांना सोयीचा म्हणून बांधला तर तो रिकामा राहतो. दोन्ही टोकं जिवंत, मजबूत झाडांच्या अशा फांदीला हवीत जिच्यापर्यंत शेजारच्या शेंड्यातून येता येतं. झाडं वाढतात, वाऱ्याने हलतात, पूल मध्ये लोंबतो आणि उंच ट्रकला लागतो. म्हणून दर पावसाळ्याआधी तो ताणून बघावा लागतो. स्थानिक पहारेकरी रस्त्यावर उभे राहून गाड्या हळू करायला लावतात आणि खाऊ घालणाऱ्यांना थांबवतात, आणि पुलांइतकंच श्रेय त्यांना द्यायला हवं. रस्त्यावर खाणं पडलेलं असेल तर पूल असूनही माकडं खालीच येतात.

गावात उपाय साधे आहेत: खिडक्यांना जाळी, घट्ट झाकणाच्या कचरापेट्या, ओला कचरा रोज उचलणं. एका गल्लीत पाळलं आणि शेजारच्या गल्लीत नाही, तर टोळी फक्त गल्ली बदलते. पर्यटकांनी गाडी त्या पट्ट्यात थांबवूच नये. फोटो हवा असेल तर पुढे गाडी लावून चालत यावं, हातात पिशवी नको.

हाच प्रश्न इतरत्रही दिसतो. बंदीपूर-मुदुमलाईच्या रस्त्यालगत लाल तोंडाच्या माकडांच्या एकच प्रौढ नर असलेल्या टोळ्या अभ्यासकांनी नोंदवल्या. एरवी या जातीच्या टोळीत अनेक नर असतात. पर्यटकांनी घातलेलं अन्न हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. अडवता येणारं अन्न मिळालं की टोळीची रचनाही बदलू शकते.

दिवस सहावा: मलक्कपाराहून वाळच्चाल

परतीला पोल्लाचीचा घाट न उतरता केरळच्या बाजूने जावं. वालपराईहून मलक्कपारा, तिथल्या तपासणी नाक्यावर नोंद, मग वाळच्चालच्या जंगलातून अतिरप्पळ्ळी आणि चालकुडी. रस्ता रात्री बंद असतो. सकाळी लवकर निघालं तर वाटेत थांबायला वेळ मिळतो, पण थांबायचं ते परवानगी असलेल्या जागीच.

चहा संपतो आणि अखंड रान सुरू होतं. इथली सिंहपुच्छी माकडं वीस मीटरच्या वर, पानांआड, काही मिनिटंच दिसतात आणि माणूस दिसला की निघून जातात. रस्त्यावर बसलेलं एकही नाही. पुदुतोट्टममध्ये दिवसभरात जेवढ्या नोंदी मिळतात तेवढ्या इथे आठवड्यातही मिळायच्या नाहीत. म्हणूनच या प्राण्याची बरीच माहिती तुकड्यांतल्या, माणसांना सरावलेल्या टोळ्यांवरून आली आहे आणि ती वाचताना हे लक्षात ठेवावं. तुकड्यातल्या टोळीचा चालण्यात जाणारा वेळ किंवा परक्या झाडांचा आहारातला वाटा अखंड रानाला जसाच्या तसा लावता येत नाही.

वाळच्चालमध्ये कादर या आदिवासी समाजाची वस्ती आहे. कुठलं झाड कधी फळतं याचं त्यांचं ज्ञान फार खोल आहे. धनेशांच्या ढोल्यांवर लक्ष ठेवण्याचं काम इथे कादर तरुण करत आले आहेत. धनेश आणि सिंहपुच्छी एकाच उंबरावर येतात, तेव्हा धनेश कुठे उतरतोय हे माहीत असणाऱ्या माणसाला माकडंही सापडतात.

महाराष्ट्र-गोव्यातून इतकं लांब जाणं जमत नसेल तर उत्तर कन्नड जवळ आहे. शिरसी-सिद्दापूर-होन्नावरच्या डोंगरांत २०११ मध्ये अघनाशिनी सिंहपुच्छी माकड संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. तिकडे कुलेनिया नाही, त्यामुळे तिथलं गणित नव्याने मांडावं लागतं: भेर्ली माड, उंबर-वडाची कुळं, रानफणस, जायफळाच्या कुळातली दलदलीतली झाडं. उप्पगीची, म्हणजे कोकमाच्या नात्यातल्या झाडाची, आंबट फळं तिथली माणसंही गोळा करतात. कापणी करताना फांद्याच तोडल्या तर पुढच्या वर्षी माणूस आणि माकड दोघांचंही नुकसान होतं. तिथे जाताना मार्चचा हा अनुभव तसाच वापरू नये. आधी भेर्ली माडाचे लोंबते घोस कुठे पिकलेत ते गावात विचारून घ्यावं आणि सुरुवात तिथून करावी.